बातमी की जाहिरात?

निवडणुकीच्या काळात वृत्तपत्रांना कोणते स्वातंत्र्य असते, त्यांच्यावर कोणती बंधने असतात आणि ती कशासाठी असतात, हे या पाठात आपल्याच भागातील एका गाजलेल्या प्रकरणाच्या आधारे सांगितले आहे.

मुलांनो, मराठीतील 'बातमी' म्हणजे उर्दूतील 'खबर', हे तुम्हांला ठाऊक आहे. 'जाहिरात' हा शब्दही तुम्हांला परका वाटणार नाही. जाहीर करायची ती जाहिरात. उर्दूत आपण तिला 'इश्तेहार' म्हणतो. निवडणुकीच्या मराठीत असे ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात. उमेदवार, अर्ज, जाहीरनामा, खर्च, हिशेब, मुदत हे शब्द दोन्ही भाषांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तेव्हा या पाठातले शब्द तुम्हांला जड जाणार नाहीत. अवघड आहे ते निराळेच. छापील कागद हाती आला की त्यातली खबर कोणती आणि इश्तेहार कोणता, हे ओळखणे अवघड आहे.

त्यात अवघड ते काय, असे तुम्ही म्हणाल. साबणाची जाहिरात लहान मूलही ओळखते. तिला चौकट असते, चित्र असते, किंमत असते. साबणवाला आपल्या साबणाची स्तुती करणारच, हे आपण धरूनच चालतो. पण समजा, तुमच्या घरी कापूस वेचून ठेवला आहे. सकाळच्या वृत्तपत्रात मानवतच्या बाजारातला भाव छापून आला आहे. तो वाचून तुमचे वडील गाडी भरतात. हा भाव वार्ताहराने बाजारात जाऊन विचारला असेल, तर ती बातमी झाली. पण एखाद्या व्यापाऱ्याने पैसे देऊन आपल्या सोयीचा आकडा तेथे छापून आणला असेल तर? अक्षरे तीच, जागा तीच, कागदही तोच. वडिलांचे नुकसान मात्र ठरलेले. जे कापसाच्या बाबतीत घडू शकते, ते मतांच्या बाबतीतही घडू शकते. पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेल्या अशा मजकुराला 'पेड न्यूज' म्हणतात. बातमी विकली गेली, असे आपण साध्या मराठीत म्हणू.

आता शेजारच्या नांदेड जिल्ह्याकडे वळू. तेथे भोकर नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे. १३ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्रात विधानसभेसाठी मतदान झाले. त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. ते निवडून आले. निवडणूक संपल्यावर 'द हिंदू' या इंग्रजी दैनिकाचे पत्रकार पी. साईनाथ यांनी प्रचाराच्या काळातील मराठी वृत्तपत्रे पुन्हा चाळली. मुख्यमंत्र्यांची आणि त्यांच्या सरकारची वाखाणणी करणारी ४७ पूर्ण पाने त्यांना मिळाली. त्यांतली बरीचशी रंगीत होती. काहींवर 'अशोकपर्व' असे शीर्षक होते. ही पाने जाहिरात म्हणून छापलेली नव्हती. वाचणाऱ्याला ती बातम्यांसारखीच दिसत होती. आणखी एक मौज पाहा. एकच लेख तीन निरनिराळ्या वृत्तपत्रांत शब्दशः सारखा छापून आला होता. परीक्षेत तीन मुलांची उत्तरे काना-मात्रेसह सारखी निघाली, तर तपासणारे सर काय समजतात, हे मी तुम्हांला सांगायला नको!

याच्या शेजारी आता दुसरा आकडा ठेवा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ प्रमाणे प्रत्येक उमेदवाराला निवडणूक खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. खर्चाला मर्यादाही असते. २००९ साली आपल्या राज्यात विधानसभेच्या उमेदवारासाठी ती १० लाख रुपये होती. जानेवारी २०२२ मध्ये ती ४० लाख रुपये करण्यात आली. चव्हाण यांनी दिलेल्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये, आणि केबल टीव्हीवरील जाहिरातींचा ६,००० रुपये. एका बाजूला ४७ पाने, दुसऱ्या बाजूला ५,३७९ रुपये. ही पाने बातम्या असतील तर हिशेब बरोबर आहे. जाहिराती असतील तर मात्र हिशेब चुकला आहे. सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला.

भोकरमध्ये पराभूत झालेले उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. चव्हाण यांनी आरोप नाकारला. वृत्तपत्रांनीही आपण पैसे घेतल्याचे मान्य केले नाही. पुढे वेगळाच मुद्दा निघाला. उमेदवाराने हिशेब मुदतीत दिला, एवढेच आयोगाने पाहायचे, की तो खरा आहे की नाही हेही तपासायचे? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ५ मे २०१४ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. त्यानंतर जुलै २०१४ मध्ये आयोगाने म्हटले, की चव्हाण यांनी हिशेब कायद्याने सांगितलेल्या रीतीने दिलेला नाही. पण सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची ही कारवाई रद्द केली. चव्हाण अपात्र ठरले नाहीत.

एवढी पाने समोर असूनही असे का झाले, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. उत्तर सोपे आहे आणि थोडे निराश करणारेही आहे. मजकूर स्तुतीचा आहे, हे पानावर दिसते. त्यासाठी कोणी कोणाला काय दिले, हे पानावर दिसत नाही. हातोहात दिलेल्या पैशांची पावती नसते. शिवाय एखाद्या संपादकाला एखादा नेता मनापासून आवडत असेल आणि त्याने पानभर कौतुक लिहिले, तर तो त्याचा हक्क आहे. आपल्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातील भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य ते हेच. पुराव्यावाचून कोणालाही दोषी धरता येत नाही, मग पाने ४७ असोत की ४७०.

पुरावा मिळाला तर मात्र शिक्षा होते. उत्तर प्रदेशातील बिसौली मतदारसंघाच्या आमदार उमलेश यादव यांनी २००७ च्या निवडणुकीत बातमीसारख्या छापलेल्या जाहिरातींचे २१,२५० रुपये आपल्या हिशेबात दाखवले नव्हते. ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने त्यांना ३ वर्षांसाठी अपात्र ठरवले. या कारणावरून आमदारकी जाण्याची देशातील ही पहिली वेळ. रक्कम पाहा केवढीशी आहे!

बातमी विकली जाते, यात दोष एकट्या उमेदवाराचा असतो का? भारतीय वृत्तपत्र परिषदेने, म्हणजे प्रेस कौन्सिलने, याचा शोध घेण्यासाठी परंजॉय गुहा ठाकुर्ता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन पत्रकारांची उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल दिला. त्यात पुष्कळ वृत्तपत्रांची नावे होती. परिषदेने २०१० मध्ये तो अहवाल आखडता घेऊन प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर आला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाने सांगितल्यानंतर. दुसऱ्याला सगळे उघड करायला सांगणाऱ्यांनाही आपले घर उघडून दाखवणे जड जाते, असे यावरून म्हणावेसे वाटते.

या व्यवहाराला 'पॅकेज' असे साळसूद नाव आहे. सभेच्या बातमीला इतके, मुलाखतीला इतके, विरोधकाविषयी गप्प बसण्याला इतके. तालुक्याच्या गावात काम करणाऱ्या वार्ताहराची अडचण तर आणखी मोठी. बहुतेकांना पुरेसा पगार नसतो. जाहिराती मिळवून द्यायच्या आणि त्यावरचे कमिशन घ्यायचे, यावरच त्यांचे घर चालते. ज्या उमेदवाराकडून जाहिरात आणायची, त्यालाच अडचणीचा प्रश्न विचारायचा कसा? अशा वार्ताहराला मी सरसकट दोष देणार नाही. पण वाचकाच्या पदरात काय पडते, तेही पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे पॅकेजचे पैसे नाहीत, तो उमेदवार वृत्तपत्रात दिसतच नाही. तो गावोगाव पायी फिरत असेल, पाण्याविषयी, रस्त्याविषयी चार खऱ्या गोष्टी सांगत असेल; छापील पानावर तो जन्मालाच आलेला नसतो. मतदाराला वाटते, हा मनुष्य उभाच नाही.

मग सरकारनेच सर्व वृत्तपत्रे तपासून छापायला का देऊ नयेत? वर्गात हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात आहे. परभणी जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. त्या काळात सत्तेविरुद्ध लिहिणे सोपे नव्हते. हैदराबादला शोएबुल्लाह खान नावाचे तरुण संपादक होते. त्यांचे उर्दू दैनिक 'इमरोज'. संस्थान भारतात विलीन व्हावे आणि रझाकारांचा जुलूम थांबावा, असे ते उघडपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री ते कामावरून घरी परतत असताना मारेकऱ्यांनी त्यांना गाठले आणि ठार केले. त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. महिनाभरातच, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झाले. त्या दिवशी आपण शाळेत झेंडावंदन करतो. तेव्हा या सहाफीची, म्हणजे पत्रकाराची, आठवण उर्दू शाळेतल्या मुलांनी तरी ठेवायला हवी.

स्वतंत्र भारतातही एकदा वृत्तपत्रांचे तोंड बांधले गेले. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. छापण्याआधी मजकूर सरकारी अधिकाऱ्याला दाखवावा लागे. आपल्या भागात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या 'मराठवाडा' या दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांना तुरुंगात जावे लागले. जानेवारी १९७७ मध्ये लोकसभेची निवडणूक जाहीर झाली, तेव्हा हे निर्बंध सैल करावे लागले. तोंड बांधलेल्या वृत्तपत्रांसह निवडणूक घेतली असती, तर तिला निवडणूक कोण म्हणणार? म्हणजे वृत्तपत्र दोन प्रकारे मुके होते. एकदा धाकाने आणि एकदा पैशाने. धाकाने मुके झालेले वृत्तपत्र निदान ओळखू येते. पैशाने मुके झालेले वृत्तपत्र रोज सकाळी दारात येऊन पडते आणि बोलल्याचा आव आणते.

म्हणून निवडणुकीच्या काळात नियम असतात, पण ते नेमक्या जागी असतात. तुम्ही 'आदर्श आचारसंहिता' हा शब्द ऐकला असेल. उर्दू अखबार तिला 'जाब्ता-ए-अख्लाक' म्हणतात. तिची सुरुवात केरळमध्ये १९६० च्या निवडणुकीत झाली. ती कायदा नव्हे, पक्षांनी मान्य केलेली शिस्त आहे. १९९० च्या डिसेंबरात टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि या शिस्तीला खरा दरारा आला.

माध्यमांविषयीचे काही नियम मात्र थेट कायद्यातच आहेत. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर प्रचार दाखवता येत नाही. मतदाराला दोन दिवस गलबल्याशिवाय विचार करू द्यावा, हा त्यामागचा हेतू. मतदान करून आलेल्यांना विचारून निकालाचा अंदाज बांधतात, त्याला 'एक्झिट पोल' म्हणतात. त्यावरची बंदी आपल्या जिल्ह्याच्या उदाहरणाने चांगली समजेल. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत परभणीत २६ एप्रिलला मतदान झाले. देशातले शेवटचे मतदान १ जूनला होते. परभणीचा कल एप्रिलमध्येच टीव्हीवर सांगितला असता, तर जूनमध्ये मतदान करणारा माणूस वारा पाहून पाठ फिरवण्याचा संभव होता. म्हणून १ जूनच्या संध्याकाळपर्यंत असे अंदाज दाखवण्यास मनाई होती. ती मोडणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यातही एक ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. आयोगाने १९९८ मध्ये केवळ आपल्या सूचनेने अशी मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयासमोर ती टिकण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा १९९९ मध्ये आयोगाने ती मागे घेतली. नंतर संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि २०१० पासून बंदी लागू झाली. हेतू कितीही चांगला असला, तरी बोलण्यावरचे बंधन कायद्याच्या दारानेच यावे लागते.

भिंतीवर लावलेले निवडणुकीचे पत्रक कधी तळाशी वाचून पाहा. बारीक अक्षरांत मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असतो. तो शोभेसाठी नसतो. नाव-पत्ता नसलेले निवडणुकीचे पत्रक छापणे गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी छापखाना असेल, तर त्यांना हे पुरते माहीत असेल. पत्रकात काय लिहायचे, हे कायदा सांगत नाही. कोण बोलत आहे ते लपवू नका, एवढेच सांगतो.

बातमीच्या बाबतीतही हीच दिशा धरली गेली. निवडणूक लागली की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात 'माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती' काम करते. टीव्हीवर दाखवायची राजकीय जाहिरात आधी तिच्याकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशापासून आली. समिती रोजची वृत्तपत्रेही वाचते. एखादी बातमी विकत घेतलेली वाटली, तर प्रसिद्धीपासून ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस जाते. त्याने ४८ तासांत उत्तर द्यायचे. उत्तर पटले नाही, तर तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर त्याच्या खर्चात धरला जातो. राज्य समितीकडे अपील करण्याची सोयही आहे. पाहा, वृत्तपत्राला कुलूप लागत नाही. उमेदवाराच्या हिशेबाच्या वहीत एक ओळ वाढते, इतकेच.

हे पुरेसे आहे का? मला तसे वाटत नाही. वृत्तपत्र परिषद दोषी वृत्तपत्राला समज देऊ शकते, निषेध करू शकते. दंड करू शकत नाही. बातमी विकणे हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस निवडणूक आयोगाने केली आणि मार्च २०१५ मध्ये विधी आयोगानेही आपल्या २५५ व्या अहवालात केली. शिफारस करणे आणि कायदा होणे यांत बरेच अंतर असते. दरम्यान प्रचार मोबाईलवर गेला. तेथे तर मुद्रकही नाही आणि प्रकाशकही नाही. कोणीतरी 'पुढे पाठवा' म्हणतो आणि आपण पुढे पाठवतो.

तरी एक साधन मतदाराच्या हातात आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. उमेदवाराने दिलेला खर्चाचा हिशेब गुप्त नसतो. नियमाप्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणतीही व्यक्ती तो पाहू शकते. त्या काळातली वृत्तपत्रे जपून ठेवली असतील, तर पान आणि हिशेब शेजारी मांडता येतात. मत देण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. हिशेब पाहण्यासाठी मात्र नियमात 'कोणतीही व्यक्ती' एवढेच शब्द आहेत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी काय ठरवले?
(आ) शोएबुल्लाह खान कोणत्या दैनिकाचे संपादक होते?
(इ) निवडणुकीच्या पत्रकावर कोणाचा नाव-पत्ता असावा लागतो?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ४७ पाने आणि ५,३७९ रुपये या दोन आकड्यांमुळे कोणता प्रश्न उभा राहिला?
(आ) एक्झिट पोल दाखवण्यास १ जून २०२४ च्या संध्याकाळपर्यंत मनाई का होती?
(इ) धाकाने मुके झालेले आणि पैशाने मुके झालेले वृत्तपत्र यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे? तो तुम्हांला पटतो का?

३. पुढील शब्द मराठी व उर्दू दोन्ही भाषांत वापरून प्रत्येकी एक वाक्य तयार करा : उमेदवार, अर्ज, खर्च, मुदत.

४. उपक्रम : एका आठवड्याची मराठी व उर्दू वृत्तपत्रे गोळा करा. जो मजकूर बातमी आहे की जाहिरात आहे हे तुम्हांला ठरवता आले नाही, तो कापून वहीत चिकटवा. शंका का आली, ते त्याखाली दोन ओळींत लिहा आणि वर्गात चर्चा करा.